पंप बंद पडत नाही, उघडा पडतो

तीन-चार ग्रुपवर एकच फॉरवर्ड फिरतोय, आज मावशीनंपण पाठवला. त्यात म्हटलंय की पॅलिथोआ नावाच्या समुद्री प्राण्यातलं विष, पॅलिटॉक्सिन, "हृदयाच्या पेशीतला सोडियम-पोटॅशियम पंप डिगॉक्सिनसारखाच बंद करतं, म्हणून डिगॉक्सिन चालू असलेल्यांना ते बाधत नाही, केंड माशातलं विषही हेच, उकळलं की मरतं आणि पोटात गेल्याशिवाय धोका नाही." माझ्या आईला सहा वर्षं डिगॉक्सिन, म्हणजे हृदयाचं औषध, चालू आहे आणि चुलतभावाकडे मरीन टँक, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या समुद्री जिवांची टाकी आहे, त्यामुळे हे वाचून गप्प बसवेना.

"पंप बंद करतं". नाही, आणि हीच चूक सगळ्यात मोठी आहे. हा पंप पेशीच्या पडद्यात बसलेला असतो, एक एटीपी (पेशीचं इंधन असलेला रेणू) खर्चून ३ सोडियम बाहेर टाकतो नि २ पोटॅशियम आत घेतो, डॅनिश शास्त्रज्ञ येन्स स्कौ यांनी १९५७ मध्ये तो दाखवला आणि १९९७ ला त्यांना नोबेल मिळालं. सराफाच्या दुकानाला कशी दोन दारं असतात, बाहेरचं लागल्याशिवाय आतलं उघडत नाही, तसंच याचं काम चालतं, दोन्ही दारं एकाच वेळी कधी उघडी नसतात. डिगॉक्सिन हे चक्र अडवून ठेवतं. पॅलिटॉक्सिन मात्र बाहेरून येऊन बसतं आणि दोन्ही दारं एकदम उघडी पडतात, म्हणजे पंपाचं सरळ भोक होतं. चालू पंप सेकंदाला साधारण शंभर फेऱ्या मारतो, या भोकातून सेकंदाला लाखो आयन (सोडियम-पोटॅशियमचे विद्युतभारित कण) जातात, म्हणून थोडेसे पंप जरी विषाच्या तावडीत सापडले तरी बाकीच्यांनी कितीही उपसलं तरी पुरत नाही.

आता हृदयाच्या एका पेशीत काय होतं ते बघा. आराम करताना तिच्या आत बाहेरच्यापेक्षा ८०-९० मिलिव्होल्ट कमी असतात. भोक पडलं की सोडियम आत, पोटॅशियम बाहेर, तो फरक विरघळत जातो, मग कॅल्शियमची दारं उघडतात आणि एरवी सोडियम आत घेऊन कॅल्शियम बाहेर काढणारी यंत्रणा उलटी फिरून कॅल्शियम आत ओतायला लागते. पेशी आकसते ती सुटतच नाही, मूठ आवळली आणि उघडताच येत नाही असं. ठोके बिघडतात, शिवाय हृदयाच्या रक्तवाहिन्याही आवळतात, म्हणजे दोन्हीकडून मार.

हे विष पंपावरच काम करतं याचा मला सगळ्यात आवडणारा पुरावा यीस्टचा आहे. यीस्टमध्ये हा पंप मुळात नसतो आणि त्याला पॅलिटॉक्सिनचं काही वाटत नाही. १९९४ मध्ये जर्मन संशोधकांनी सस्तन प्राण्याच्या पंपाचे जीन यीस्टमध्ये घातले आणि तेच यीस्ट विष लागल्याबरोबर पोटॅशियम गळायला लागलं.

"डिगॉक्सिन चालू असेल तर बाधत नाही". हे कुठून आलं ते कळतं. प्रयोगशाळेत डिगॉक्सिनचाच भाऊबंद असलेलं औबेन भरपूर टाकलं तर पॅलिटॉक्सिनचा परिणाम कमी होतो, हे खरंय. पण माणसाला झेपणाऱ्या डोसमध्ये डिगॉक्सिन थोड्याच पंपांवर बसलेलं असतं, बाकीचे मोकळेच. आणि हे वाचून कुणी एक गोळी जास्त घेतली तर डिगॉक्सिनचीच विषबाधा व्हायची, त्यात औषधाचा डोस आणि विषाचा डोस यांत अंतर फार कमी.

केंडाचं म्हणाल तर त्यातलं टेट्रोडोटॉक्सिन वेगळंच, ते नसा-स्नायूंमधल्या सोडियमच्या वाहिन्या बुजवतं, माणूस श्वासाचे स्नायू थांबल्यानं जातो. एक बुजवतं, दुसरं भोक पाडतं.

"उकळलं की मरतं". हे वाक्य जीव घेऊ शकतं म्हणून ठासून सांगतो, उकळून हे विष जात नाही. टँकमधले दगड गरम पाण्यात घालून साफ करताना वाफेबरोबर उडालेल्या विषानं घरंच्या घरं आजारी पडल्याच्या नोंदी आहेत. भावाला मी सांगितलंय की झोआ-पॅलीचा (पॅलिथोआ आणि त्याच्या भाऊबंदांचा) दगड बाहेर काढायचा तर हातमोजे, चष्मा, आणि नंतर सगळं ब्लीचच्या पाण्यात, कारण हायपोक्लोराइटनं ते खरंच मोडतं. त्याच्या टँकमधली ती तपकिरी बटणं, म्हणजे हेच प्राणी, दिसायला इतकी साधी आहेत, बोट लागलं की मिटतात आणि हाताला बुळबुळीत चिकटा लागतो, विष त्यातही असतं.

आणि पोटात जायलाच हवं असं अजिबात नाही. २००५ च्या उन्हाळ्यात इटलीत जेनोआच्या किनाऱ्यावर ऑस्ट्रिओप्सिस शैवाल फोफावलं, त्यात याच जातीची विषं असतात, आणि नुसत्या समुद्रावरच्या हवेनं सुमारे २०० लोकांना ताप, खोकला, श्वासाचा त्रास झाला.

हा त्रास फ्लूसारखाच दिसतो. म्हणून टँक साफ केल्यावर तोंडाला कडवट-धातूसारखी चव आली, थंडी वाजली, छातीत धडधडलं तर कॅज्युअल्टीत पहिलं वाक्य हेच बोला की मी पॅलिथोआचा दगड हाताळला होता, ईसीजी आणि पोटॅशियम बघा. उतारा नाही, लक्षणं सांभाळत राहावी लागतात, त्यामुळे गेलेला प्रत्येक तास महागात पडतो.