हानलेची दुर्बीण म्हणे गॅमा किरण सोडते!

परवा मावशीचा फोन. जूनमध्ये ती आणि काका लडाखला चाललेत, हानलेला दोन रात्रींचा होमस्टे बुक आहे, आणि बाईसाहेब म्हणतात, "अगं, हानले कॅन्सल करू का? तिथे डोंगरावरून गॅमा किरण सोडतात म्हणे, कॅन्सर होतो." कुठून कळलं? व्हॉट्सअ‍ॅपवरून, अजून कुठून. मागवून घेतला तो मेसेज. थोडक्यात असा: हानलेची वेधशाळा हे नाटक आहे. एक, साडेचार हजार मीटर चढून तारे काही जवळ येत नाहीत, म्हणजे दुर्बीण चीनवर नजर ठेवायला आहे. दोन, तिथली 21 मीटरची उघडी डिश अणुवाल्यांनी बांधलीय, ती गॅमा किरण सोडते, लेहची ढगफुटी त्यानेच झाली. तीन, हे लपवायला गावात रात्री दिवे लावू देत नाहीत. चार, हबल आणि वेब या अंतराळातल्या दुर्बिणी वर असताना इथली 2 मीटरची दुर्बीण कशाला? शेवटी अर्थातच "जागे व्हा, शेअर करा".

दुसऱ्या मुद्द्यापासून सुरू करते, कारण मावशी घाबरलीय ती त्याला. त्या डिशचं नाव मेस (जेवणाची नव्हे). भाभा अणुसंशोधन केंद्राने बांधली हे खरं, ऑक्टोबर 2024 मध्ये उद्घाटन झालं हेही खरं. पण ती काहीही सोडत नाही हो! दुर्बीण आहे ती, येईल ते बघते. आणि गंमत अशी की गॅमा किरण तिच्यापर्यंत पोचतसुद्धा नाहीत. अंतराळातून आलेला गॅमा किरण जमिनीच्या दहाएक किलोमीटर वरच हवेवर आपटून संपतो, त्यातून इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन या सूक्ष्म कणांचा फवारा उडतो, ते कण हवेत प्रकाशाचा जो वेग असतो त्याच्याही पुढे पळतात आणि त्यामुळे निळसर प्रकाशाची एक अगदी फिकट चमक खाली येते. ही चमक टिकते किती, तर काही नॅनोसेकंद. एका नॅनोसेकंदात प्रकाश स्वतः जेमतेम फूटभर पुढे सरकतो, यावरून काय ते समजा. ती पकडायला एवढी मोठी डिश लागते. आरशांचे 356 पॅनल ती गोळा करून एका कॅमेऱ्यावर टाकतात आणि त्या कॅमेऱ्यात 1088 फोटोमल्टिप्लायर नळ्या, म्हणजे अगदी फिकट प्रकाशही टिपणाऱ्या नळ्या, आहेत. आता आरशावर गॅमा किरण टाकला तर तो परत फिरणार नाही, सरळ आरपार जाईल. म्हणजे गॅमा किरण "सोडायला" आरशांची डिश बांधणं हे चाळणीने पाणी भरण्यासारखं झालं.

आणि ढगफुटी! लेहची ती भयंकर ढगफुटी ऑगस्ट 2010 ची, दोनशेच्या वर माणसं गेली त्यात. तेव्हा मेस हानलेला उभीसुद्धा नव्हती. माणसं गेलेल्या घटनेला असलं काहीतरी चिकटवायचं आणि वर "शेअर करा" म्हणायचं, यांना काही वाटत कसं नाही?

एक गोष्ट नाइलाजाने कबूल करते. एवढ्या उंचीवर अंतराळातून येणारं किरणोत्सर्गाचं प्रमाण समुद्रसपाटीपेक्षा जास्त असतं. पण ते दुर्बीण नसती तरी असतंच, डोक्यावर हवा कमी म्हणून असतं. मावशी दिल्लीहून लेहला विमानाने जाणार, ते विमान हानलेच्या दुप्पट उंचीवरून उडतं आणि तिथे हे प्रमाण आणखी जास्त असतं. त्या तिकिटाची भीती कोणी घातली नाही तिला.

आता चीन. सीमा जवळ आहे, मान्य. तारे जवळ येत नाहीत हेही मान्य, मेसेजमधलं तेवढं एक वाक्य धड आहे. पण उंचीवर जातात ते हवा खाली सोडायला, ताऱ्यांजवळ जायला नाही. हानलेला हवा इतकी कोरडी की चांगल्या रात्री डोक्यावरच्या अख्ख्या हवेतली वाफ पिळून काढली तर 2 मिलीमीटरचाही थर होत नाही, आणि इन्फ्रारेड प्रकाश खाणारी मुख्यतः ही वाफच असते. तिथली मुख्य दुर्बीण, मेसेजमधली ती 2 मीटरची, म्हणजे हिमालयन चंद्रा टेलिस्कोप. तिच्या नेहमीच्या कॅमेऱ्यात आकाशाचा जो तुकडा मावतो तो चंद्राच्या रुंदीच्या एक तृतीयांश. समजा ती आडवी करून 50 किलोमीटरवर रोखली, तर दिसणार दीडशे मीटरचा पट्टा, तोही थरथरणाऱ्या हवेतून, आणि मध्ये डोंगर. हेरगिरीला उपग्रह असतात हो!

"रात्री दुर्बिणीपाशी शास्त्रज्ञच नसतात, बंगळुरूहून चालवतात" असंही एक वाक्य घुसवलंय. खरंय, बंगळुरूजवळच्या होसकोटेहून उपग्रहामार्फत चालवतात, कारण हिवाळ्यात उणे वीसच्या खाली असताना रात्रभर तिथे बसायची हौस कोणाला? यात गुपित काय, दुर्बीण चालवणाऱ्या संस्थेच्या वेबसाइटवरच लिहिलंय.

वेब असताना ही कशाला, तर वेबवर वेळ मिळायला जगभरातल्या अर्जांची रांग आहे. फेब्रुवारी 2022 मध्ये एटी2022सीएमसी नावाची चमक सापडली, साडेआठ अब्ज प्रकाशवर्षांवर एका कृष्णविवराने तारा फाडून खाल्ला होता. तिच्यावर नजर ठेवणाऱ्यांत हानलेचीच ग्रोथ-इंडिया नावाची छोटी दुर्बीण होती, आरसा फक्त 70 सेंटीमीटरचा! असल्या चमका काही दिवसांत विझतात आणि पृथ्वी फिरत असते, त्यामुळे युरोप आणि ऑस्ट्रेलिया यांच्या मधे बघायला कोणीतरी लागतं. तो अभ्यास नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात छापून आलाय. हेरगिरीचा अहवाल नेचरमध्ये छापतात का?

दिव्यांचं म्हणाल तर बंदीबिंदी काही नाही. डिसेंबर 2022 मध्ये आजूबाजूचा हजारेक चौरस किलोमीटरचा भाग डार्क स्काय रिझर्व्ह (रात्रीचा अंधार जपायचा राखीव भाग) झाला, म्हणून दिव्यांना झाकणं, खिडक्यांना पडदे. त्याच अंधारावर गावातले लोक चार पैसे कमावतायत, छोट्या दुर्बिणी घेऊन पर्यटकांना आकाश दाखवतात. मावशीसारख्या दहा जणींनी बुकिंग रद्द केलं तर फटका त्यांना, मेसेज लिहिणाऱ्याला नाही.

मावशीला म्हटलं, किरणांचं सोड, उंचीला घाबर. तिथे श्वासागणिक ऑक्सिजन इथल्या साठ टक्केही मिळत नाही, त्यामुळे आधी लेहला दोन-तीन दिवस नुसतं पडून राहा आणि काकांच्या बीपीचं डॉक्टरांना विचारून घे. बुकिंग ठेवलंय. मागून काकांचा आवाज, "उजेड कमी करायला टॉर्चला लाल जिलेटिन लावलं तर चालेल का गं?" चालेल काका, दोन घड्या करून लावा.