डोमकळीला संदर्भ द्या

तुमच्याकडे सांगण्यासारखं काही असेल तर शोधनिबंध तयार करताना जरा अडचण होते. नसेल तर काम सरळ आहे. माझ्याकडे दुर्दैवानं होतं. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं आमच्या यवतमाळकडची कपाशी फस्त केली, तेव्हापासून मी तीन-चार गावांत फिरून शेतकऱ्यांशी बोलत होतो. वह्या भरल्या. त्यांचा एक लेख करून जर्नलकडे पाठवायचा, एवढीच महत्त्वाकांक्षा. तेव्हा पुढचं ऐका. माझे केस काही उन्हानं पांढरे झालेले नाहीत, पानाचा समास मोजताना झालेले आहेत.

आधी जर्नल निवडा. विषय बघून नव्हे, यादी बघून. यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, मान्य जर्नलांची यादी २०१७ मध्ये आली. मे २०१८ मध्ये तिच्यातून ४,३०५ जर्नलं एका झटक्यात उडाली. २०१९ मध्ये तिच्या जागी केअर यादी आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही गुंडाळल्याचं जाहीर झालं. म्हणजे पेरलं तेव्हा वाण मान्यताप्राप्त होतं, वेचणीपर्यंत बोगस ठरलं. आमच्याकडे बियाण्याच्या बाबतीत यात कुणालाच नवल वाटत नाही, तुम्हीही वाटून घेऊ नका.

आठ आकडी आयएसएसएन दिसला की दर्जाचा शिक्का दिसला असं समजा. तो नंबर फक्त नियतकालिकाची ओळख पटवतो, दर्जाशी त्याचं देणंघेणं नाही, हे तुम्हाला ग्रंथपाल सांगू शकेल. पण कॉलेजात ती जागा कित्येक वर्षं रिकामी असल्यामुळे तसा धोका नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘तीन दिवसांत तज्ज्ञांकडून परीक्षण, प्रमाणपत्र मोफत’ अशी जाहिरात येईल. शंका काढू नका. आमच्याकडे माती परीक्षणाला याहून जास्त दिवस लागतात, पण मातीत काहीतरी असतं.

मी मात्र हट्टानं रीतसर जर्नल धरलं. तुम्हालाही अशी खुमखुमी असेल तर एसटी स्टँडसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानाशी सलोखा ठेवा. तिथला पोरगा बारावी नापास आहे आणि एपीए या लेखनाच्या नियमपुस्तकाची सातवी आवृत्ती त्याला माझ्या गाइडपेक्षा जास्त येते. मी पहिल्या पानाला सुंदर चौकट टाकून नेली होती. त्यानं बघितली आणि म्हणाला, “सर, हे लग्नाची पत्रिका होय काय?”

इंग्रजीत लिहीत असाल तर टाइम्स न्यू रोमन, आकार बारा. हा टाइप १९३२ मध्ये लंडनच्या एका दैनिकासाठी आला, अरुंद रकान्यात जास्त मजकूर मावावा म्हणून. आपण तो दोन ओळींत दुप्पट अंतर सोडून आणि चारी बाजूंनी इंचभर समास ठेवून वापरायचा. का, ते विचारायचं नाही. मराठीत लिहीत असाल तर त्याहून मजा. माझ्या वह्या कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप झाल्या होत्या आणि जर्नलला हवा होता युनिकोड, कुठल्याही संगणकावर वाचता येणारा. कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर; युनिकोडमध्ये नेमकं उलट. रूपांतर करणाऱ्या यंत्रानं थोडी जरी डुलकी घेतली की ‘विदर्भ’चा ‘वदिर्भ’ होतो. चौदा पानांत ‘अनुशेष’ एकदाच आला होता, ‘वदिर्भ’ एकशे सहा वेळा. मी आणि तो पोरगा रात्री साडेनऊपर्यंत वेलांट्या हाकत होतो. मध्ये लाइट गेली. सेव्ह केलेलं नव्हतं.

मग संदर्भसूची. प्रत्येक नोंदीची पहिली ओळ समासाला टेकलेली, पुढच्या ओळी अर्धा इंच आत. ही गोष्ट स्पेसबार बडवून करायची. योग्य बटण एकच असतं, पण त्यात प्राध्यापकाचे कष्ट दिसत नाहीत. स्वल्पविराम कुठे, पूर्णविराम कुठे, नियतकालिकाचं नाव तिरपं की सरळ, यावर आमच्या स्टाफरूममध्ये दोन तट पडले आणि एका तटानं दुसऱ्याच्या डब्यातली पाटवडी खाणं सोडलं. अळीचं लॅटिन नाव तिरपं छापावं लागतं हे मात्र कुणाला विचारावं लागलं नाही. अळीला तेवढा मान आहे. शेतकऱ्याला नाही, कारण प्रत्यक्ष बोलून मिळवलेली माहिती एपीएच्या सूचीत जातच नाही. वाचकाला ती पुन्हा शोधून काढता येत नाही म्हणून. माझ्या वह्यांतली सगळी माणसं अशी एका नियमानं सूचीबाहेर गेली. प्रत्येक जण रोज आपापल्या वावरात सापडतो, ही बाब अलाहिदा.

उसनवारीची, म्हणजे दुसऱ्याचा मजकूर उचलण्याची, काळजी करू नका. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर कापसात ओलावा बारा टक्क्यांवर निघाला की गाडी परत फिरते. इथेही तसंच यंत्र लावतात, पण २०१८च्या नियमांप्रमाणे दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. आकडा जास्त आला तर हुशार लोक शब्द बदलून देणारं सॉफ्टवेअर वापरतात. त्यातून जगभर काय काय पिकलं, ते २०२१ मध्ये काही संशोधकांनी शोधून काढलं: ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’चं ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’, म्हणजे नकली जाणीव, आणि ‘ब्रेस्ट कॅन्सर’चं ‘बूझम पेरिल’, म्हणजे छातीवरचं संकट. छापून आलं होतं हे, परीक्षण होऊन.

परीक्षण आंधळं असतं, म्हणजे परीक्षकाला लेखक कोण ते कळू द्यायचं नसतं. म्हणून नाव पुसा, कॉलेज पुसा, ‘आम्ही मागे दाखवल्याप्रमाणे’ ही वाक्यं पुसा. मी सगळं पुसलं. फाइलच्या गुणधर्मांत लेखक म्हणून झेरॉक्सच्या दुकानाचं नाव तसंच राहिलं. आता विचार केला तर ते फारसं चुकीचं नव्हतं.

पुढे वाट पाहा. मूर्तिजापूरवरून यवतमाळला रखडत येणारी शकुंतला रेल्वे बंद पडली तेव्हा हळहळ वाटली होती, पण तिचा वेग वाया गेला नाही, जर्नलांनी घेतला. अकरा महिन्यांनी दोन परीक्षकांचे अभिप्राय आले. पहिल्याला लेख लांब वाटला. दुसऱ्यानं एकच गोष्ट विचारली: ‘डोमकळी ही संज्ञा अपरिचित आहे. संदर्भ द्यावा.’

आता डोमकळी मला कुठे भेटली ते सांगतो. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं ऑगस्टमध्ये मला कपाशीच्या तासात वाकायला लावलं आणि एक फूल दाखवलं. बाकी फुलं उमललेली, हे मिटलेलं, गुलाबाच्या कळीसारखं. “तोंड शिवल्यावानी दिसते का नाई? हे डोमकयी. बोंडं सडाची वाट पाहू नका, हे दिसली का समजाचं.” त्यानं अंगठ्याच्या नखानं पाकळ्या सोडवल्या. बारीक तंतूंनी खरंच शिवल्या होत्या. आत पांढुरकी, अजून गुलाबी न झालेली, तांदळाच्या कणीएवढी अळी. त्यानं ती चुरगळली आणि बोट धोतराला पुसलं. मी वहीत ‘डोमकयी’ लिहिलं आणि घरी येऊन खोडून ‘डोमकळी’ केलं. शुद्धलेखन म्हणजे शुद्धलेखन.

तर अशा वेळी घाबरू नका. छापील कागद शोधा. मला एका कपाटात डोमकळीचा फोटो असलेली घडीपत्रिका सापडली. ती सूचीत लावली, अर्धा इंच आत. परीक्षकाचं समाधान झालं. शब्दमर्यादेसाठी शेवटी एक परिच्छेद कापावा लागला: डिसेंबरनंतर फरदड, म्हणजे वेचणी झालेलीच कपाशी पुढे, ठेवू नका, नाहीतर अळीचं पुढच्या हंगामापर्यंत भागतं, असा सल्ला देणाऱ्यांना त्याच म्हाताऱ्यानं काय विचारलं होतं ते. “उपटतो ना. मंग जानेवारीत सावकाराले काय पऱ्हाट्या देऊ?” या विधानाला तक्त्यात जागा नव्हती आणि नमुना एकच होता.

लेख छापून आल्यावर एक प्रत त्या गावात नेण्याचा भाबडेपणा करू नका. मी केला. आठवडी बाजारात चहाच्या टपरीवर तो भेटला. कागद हातात घेतले, पानं उलटली.

“माह्यं कोठी हाय यात?”

मी तक्ता दोनमध्ये प्रतिसादक क्रमांक १७ वर बोट ठेवलं. त्यानं सतराकडे बघून मान हलवली. मग डोमकळी विचारली. मी सूचीतली नोंद दाखवली आणि पुराव्यादाखल बरोबर आणलेली घडीपत्रिकाही. त्यानं ती डोळ्यांपासून लांब धरली, जवळ घेतली, पुन्हा लांब धरली.

“सर, हे त माह्यंच वावर होय. थे मांगं बाभूय दिसते ना? थे गेल्या साली तोडली.”

चहाचे पैसे त्यानंच दिले.