फाइलच्या मापाने मॅन्युअल कापू नका

आज सकाळी एका मित्राने फोटो पाठवला. सोबत दोनच शब्द: "वाचवलं बघ!" फोटोत एक जुनं अमेरिकी लष्करी टेक्निकल मॅन्युअल, नव्याकोऱ्या ए-४ फाइलमध्ये लावलेलं. समासात मूळची तीन भोकं होतीच, त्यांच्यामध्ये पंचने आणखी दोन पाडलेली. त्यातलं एक थेट सर्किट डायग्राममधल्या एका आकड्यावर. शेवटची घडीची मोठी पानं फाइलबाहेर येत होती, म्हणून कात्रीने सरळ केलेली.

ह्याला वाचवणं म्हणतात? दिवसभर दुसरं काही सुचलेलं नाही.

मला एवढं का लागलं ते सांगते. माझे काका हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले होते. त्यांच्याकडे आर-३९०ए हा अमेरिकी लष्करी रेडिओ रिसीव्हर होता आणि त्याचं १९६१ सालचं मॅन्युअल, टीएम ११-५८२०-३५८-३५. टीएम म्हणजे टेक्निकल मॅन्युअल, ११ म्हणजे सिग्नल कोअर, लष्कराचं दळणवळण खातं, ५८२० म्हणजे रेडिओ संच, आणि शेवटचे ३५ म्हणजे तिसऱ्या ते पाचव्या पातळीची दुरुस्ती, वर्कशॉपातली. हा सेट ज्यांनी उघडलाय त्यांना आतली गिअरची रांग माहीत आहे. मॅन्युअल शेजारी नसेल तर तिला हात लावू नये. काकांनी त्या मॅन्युअलच्या समासात निळ्या बॉलपेनने स्वतः मोजलेले व्होल्टेज लिहून ठेवले होते. छापलेला आकडा, आणि शेजारी त्यांचा.

काका गेल्यावर ते माझ्याकडे आलं. मी प्रेमाने एकेक पान मऊ, चकचकीत प्लास्टिकच्या पाकिटात सरकवलं आणि जाडजूड व्हिनाइलच्या रिंग फाइलमध्ये लावून कपाटात ठेवलं. सहा वर्षांनी उघडलं तेव्हा पान पाकिटाला चिकटलेलं होतं. हलक्या हाताने सोडवलं. काकांचे आकडे कागदावर फिके पडले होते आणि प्लास्टिकवर उलटे उमटले होते. ते पाकीट मी अजून टाकलेलं नाही. आरशासमोर धरलं की वाचता येतं.

तेव्हा मला कोणी सांगितलं नाही, म्हणून आता मी सांगते. व्हिनाइल आणि तसली मऊ पाकिटं म्हणजे पीव्हीसी. ते मऊ राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर घालतात. तो तेलासारखा हळूहळू बाहेर येतो आणि शाई, टोनर सैल करतो. शिवाय पीव्हीसी जुनं होताना हायड्रोक्लोरिक आम्ल सोडतं. नवी फाइल उघडल्यावर येणारा तो उग्र वास असेल, तर ती कागदापासून लांबच ठेवा. शंका असेल तर तापवलेली तांब्याची तार त्या प्लास्टिकला टेकवून पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर आत क्लोरीन आहे. (मोकळ्या हवेत करा, धूर विषारी असतो.) पाकिटं हवीच असतील तर पॉलिएस्टरची किंवा साध्या पॉलिप्रॉपिलीनची घ्या. आणि कडा सील करू नका. त्या काळचा बराचसा कागद तुरटी आणि राळ घालून केलेला, त्याच्या पोटातच आम्ल आहे. कोंडलं तर ते तिथेच मुरतं.

आता मापाचं. आज अमेरिकेत साडेआठ बाय अकरा इंच कागद चालतो, पण १९८०च्या दशकापर्यंत तिथला सरकारी कागद आठ बाय साडेदहा इंचाचा होता. आपल्या हाताला येणारी बरीच मॅन्युअल त्याच्या आसपासची. त्यांच्या तीन भोकांमधलं अंतर सव्वाचार इंच, म्हणजे १०८ मिलिमीटर. ए-४ फाइलच्या दोन भोकांमधलं ८०. कितीही ओढाताण केली तरी जमणार नाही. म्हणून तीन रिंगांचीच फाइल शोधा, लागतील तितके दिवस शोधा. त्यातही डी-रिंगची, म्हणजे इंग्रजी D आकाराच्या रिंगांची, आणि रिंगांची पट्टी फाइलच्या कण्याऐवजी मागच्या पुठ्ठ्यावर बसवलेली. त्यात पानं एका ओळीत सपाट राहतात. गोल रिंगेत ती वळतात, आणि आधीच ठिसूळ असलेला कागद भोकाशीच फाटतो. फाटलेल्या भोकाला चिकटपट्टी लावायची नाही, कधीच नाही. जपानी टिश्यू, म्हणजे पातळ पण चिवट कागद, आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ, बस. मॅन्युअल जाड असेल तर फाइल उभी ठेवू नका, आडवी ठेवा. आणि मनासारखी फाइल मिळालीच नाही, तर आम्लविरहित पुठ्ठ्याचा डबा घ्या आणि पानं आहेत तशी सुटी ठेवा. भोकांत काही अडकवलंच पाहिजे असं कोणी सांगितलंय?

ही पानं सुटी असतात ती उगाच नाही. सैन्यात या मॅन्युअलना 'चेंज', म्हणजे बदललेल्या पानांचे संच निघत. सोबत सूचना असे, ही पानं काढा, ही घाला. बदललेल्या मजकुराशेजारी समासात उभी रेघ असते. म्हणजे समास ही मोकळी जागा नाही, तोही मजकूरच आहे. त्यात पंच मारणं म्हणजे लिहिलेलं पुसणं. माझ्या काकांचे आकडेही समासातच होते.

"स्कॅन मिळतात की फुकट," असं कोणीतरी म्हणणारच. मिळतात. टेबलावर काम करताना मीही स्कॅनची प्रिंटच वापरते, सोल्डरिंगचे डाग तिलाच पडू देते. पण घडीची पानं स्कॅनमध्ये अर्धी-अर्धी कापलेली असतात आणि आकृतीतल्या तारांच्या रेघा नेमक्या जोडावर तुटतात. आणि काकांच्या हातचे आकडे कुठल्या स्कॅनमध्ये शोधू? चांगला डबा महाग पडतो, हेही कबूल. मग निदान जुनी तीन रिंगांची फाइल मिळेपर्यंत पानं कोऱ्या आम्लविरहित कागदात गुंडाळून ठेवा. त्याला फार खर्च नाही.

इतकं लिहून झाल्यावर तो फोटो पुन्हा पाहिला. मित्राने पानांच्या जुन्या गंजक्या पिना काढल्यात, धूळ पुसलीय, क्रमाने लावलंय. पूर्ण रात्र बसला असणार. मीही तशीच बसले होते त्या पाकिटांसमोर, आणि मला कोणी अडवलं नव्हतं.

तर मित्रा, ही पोस्ट तू वाचशीलच. रागावू नकोस. आज रात्रीच ती फाइल उघड आणि पानं बाहेर काढून सपाट ठेव, वर काही जड नको. नव्या भोकांना टिश्यू लावायला रविवारी मी येते, खळ मी करून आणते. आणि घडीच्या पानांच्या कापलेल्या पट्ट्या कचऱ्यात टाकल्या असशील तर आत्ता उठ आणि शोधून ठेव, सगळ्या.