तीन बॉयलर, एक चिमणी आणि तो फिरणारा मेसेज

हिवाळी अधिवेशन जवळ आलं की नागपुरातल्या लॉज-हॉटेलवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरते, यंदाही फिरून राहिला. म्हणणं असं की गॅस बॉयलर कितीही असू द्या, सगळ्यांचे पाइप एकाच चिमणीत जोडून द्या, गरम धूर वरच जातो, बंद बॉयलरचं टेन्शन नाही, चिमणी जेवढी मोठी तेवढी चांगली, काही गडबड झालीच तर वास येईल, आणि तरीही भीती वाटत असेल तर खोलीत एक एक्झॉस्ट फॅन लावून टाका. मी बॉयलरच्या मेन्टेनन्सचंच काम करतो म्हणून लिहितो. एक चिमणी चालतच नाही असं नाही, चालते, पण अशी नाही बाप्पा.

गरम धूर वर जातो हे खरं, पण किती जोरानं? १० मीटरची चिमणी धरा, धूर १५० डिग्री आणि बाहेर डिसेंबरच्या पहाटेचे १० डिग्री, तर ओढ, म्हणजे धूर वर खेचणारा दाब, बसते साधारण ४० पास्कल. तीच चिमणी मे महिन्यात, बाहेर ४५, ओढ २७ वर येते. आता नवीन कंडेन्सिंग बॉयलर घ्या, म्हणजे धुरातल्या वाफेचं पाणी करून तिचीही उष्णता वापरणारा, त्याचा धूरच ६० डिग्रीच्या आसपास, मग मे मध्ये उरते जेमतेम ५ पास्कल, म्हणजे अर्धा मिलिमीटर पाण्याचा दाब. एवढ्याशा जोरावर तीन बॉयलरचा धूर सोडून देता काय?

आणि "बंद बॉयलरमधून काय येणार" हे तर सगळ्यात डेंजर. सीताबर्डीकडच्या एका लॉजवर गेलो होतो, तीनपैकी एक बॉयलर आठ दिवसांपासून बंद, तरी हात लावला तर कोमट, आतून ओला, आणि तिथंच खाट टाकून झोपणारा पोरगा म्हणे रोज सकाळी डोकं दुखते. काहून दुखते? शेजारचे दोन फॅनवाले बॉयलर धूर ढकलून राहिले, चिमणीत दाब वाढला, धुराला बाहेर पडायला जागा पाहिजे आणि बंद बॉयलर म्हणजे त्याच्यासाठी उघडं दारच. म्हणून असं जोडायचं तर प्रत्येक बॉयलरला नॉन-रिटर्न फ्लॅप, म्हणजे धूर उलटा येऊ न देणारी झडप, पाहिजे म्हणजे पाहिजे, आणि तो दरवर्षी खोलून बघायचा कारण फ्लॅप अडकतातही. फॅनवाला आणि साधा ओढीवर चालणारा बॉयलर तर एका चिमणीत कधीच जोडू नका, पहिला दुसऱ्याच्या तोंडातून धूर खोलीत काढतो.

वासाचं म्हणाल तर एलपीजीत वास यावा म्हणून टाकलेलं मरकॅप्टन बर्नरमध्ये जळून जाते, आणि कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटीहून जास्त घट्ट चिकटतो. आणखी एक, भिंतीवरचा एलपीजी डिटेक्टर याच्यासाठी कामाचा नाही, कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा घ्यावा लागते.

मोठी चिमणी? ६ इंची तीन पाइपांचं क्षेत्रफळ १० इंचीपेक्षा थोडं जास्तच भरते, पण म्हणून १४ इंची टाकली आणि रात्री एकच बॉयलर चालू राहिला तर धूर आतच थंड होते, ओढ मरते, पाणी सुटते. कंडेन्सिंगचं ते पाणी आम्लधर्मी असते, जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पत्रा खाऊन टाकते. म्हणून तिथं स्टेनलेस स्टीलच, उतार देऊन, खाली ड्रेन काढून.

एक्झॉस्ट फॅन तर उलटंच काम करते, खोलीतली हवा बाहेर फेकली की चिमणीतला धूर खाली ओढला जाते. १ किलो एलपीजी जळायला १२-१३ घनमीटर हवा लागते, ती आत यायला उघडी जाळी ठेवा, थंडी वाजते म्हणून तिच्यात पोतं कोंबू नका.

ओढीवाले बॉयलर असतील तर दारं लावून, किचनचे फॅन चालू करून, आधी एकेक आणि मग सगळे सोबत पेटवा, दहा मिनिटांनी प्रत्येकाच्या ड्राफ्ट हूडपाशी, म्हणजे धूर चिमणीत जाते तिथल्या खोलीकडे उघड्या तोंडापाशी, अगरबत्ती धरा, धूर आत ओढला गेला पाहिजे. तोंडावर आला तर बंद करा आणि मिस्त्रीला बोलवा. फॅनवाल्यांना हूडच नसते, तिथं अगरबत्ती चालत नाही, कार्बन मोनॉक्साइडचा मीटर घेऊन बंद बॉयलरपाशी उभं राहावं लागते.