‘फुकटच्या टूलनं आमची गिऱ्हाईकं गायब केली’ या दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर

काका, नमस्कार.

तुमचा रिव्ह्यू वाचला. म्हणणं थोडक्यात असं, की तूरडाळीच्या साइटवर महिन्याला चाळीस हजार भेटी दिसत होत्या आणि आम्ही गूगल ॲनालिटिक्स, म्हणजे साइटवर किती लोक आले ते मोजणारं गूगलचं टूल, लावल्यावर त्या सहाशेवर आल्या. अमेरिकेतून बघणारे नाहीसे झाले. निलंग्याचं गिऱ्हाईक पुण्याचं दिसतंय. व्हॉट्सॲपवरून कुणीच येत नाही. पहिले दोन दिवस तर भोपळाच होता. वरून जे टूल फुकट मिळतं त्याचे आम्ही पैसे लावले. शेवटी ‘लातुरात कुणीही यांच्याकडं जाऊ नये’ हेही लिहिलंत.

दुकानात आला असतात तर चहा घेता घेता बोलणं झालं असतं. पण विचारलंय चारचौघांत, तर उत्तरही चारचौघांतच देतो. तसेही हेच प्रश्न घेऊन आडतवाले, क्लासवाले, तुळजापूरचे लॉजवाले येतच असतात.

आधी चाळीस हजारांचं बघू. तो आकडा तुमच्या होस्टिंगच्या, म्हणजे साइट जिथं ठेवलीय त्या कंपनीच्या, पॅनेलमधला आहे आणि त्याच्या डोक्यावर ‘हिट्स’ लिहिलंय. हिट म्हणजे सर्व्हरकडं आलेली एकेक मागणी. तुमचं पहिलं पान उघडलं की लोगो, बॅनर, डाळीच्या पाकिटांचे फोटो, अक्षरांचा फॉन्ट, डिझाइनच्या फायली अशा सगळ्या मिळून चव्वेचाळीस वस्तू मागवल्या जातात. तुमच्या भाच्यासमोरच ब्राउझरमध्ये उघडून मोजल्या होत्या. माणूस एक, पान एक, हिट्स चव्वेचाळीस. मोंढ्यात एक गाडी आली आणि तिच्यावरच्या प्रत्येक पोत्याला एक गाडी धरून आवक लिहिली, तसला हा हिशोब. पॅनेल खोटं बोलत नाही, त्याचं काम सर्व्हरवरचा भार सांगायचं आहे. गिऱ्हाईक मोजायला ते केलेलंच नाही.

त्यात माणसं किती, हा पुन्हा वेगळा विषय. सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदवहीत, रात्री दोन-तीनच्या सुमाराच्या ओळी बघा, तुमची साइट ज्या वर्डप्रेसवर बनलीय त्याच्या लॉगिन पानावर एकामागून एक धडका आहेत. त्या वेळी निलंग्यात कुणी तूरडाळ शोधत नसतं. पासवर्ड फोडायला फिरणारे ते प्रोग्राम आहेत. त्यांच्या जोडीला गूगलबॉट, बिंगबॉट आणि साइटी चाळत हिंडणारे बाकीचे बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम. पॅनेलच्या हिशोबात यातले पुष्कळसे बसतात. ॲनालिटिक्स मात्र माहितीतले बॉट आपणहून वगळतं, आणि जे पानावरची स्क्रिप्ट चालवतच नाहीत ते त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत.

तुमची अमेरिकाही त्यातच गेली. जुन्या यादीत ॲशबर्न हे गाव सारखं वर दिसायचं आणि आपली डाळ तिकडं बघतात याचा तुम्हाला आनंद होता, हे मला माहीत आहे. ॲशबर्न व्हर्जिनिया राज्यात आहे आणि तिथं डेटा सेंटरांची मोठी गर्दी आहे. तिथून येत होती ती मशीनं. अमेरिकेत आपली मराठी माणसं आहेत, त्यातलं कुणी डाळ बघतही असेल. पण त्यानं पान उघडलं तर तो नव्या रिपोर्टातही दिसेल, त्याला कुणी हाकललेलं नाही.

आता उलट बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल आपलंच घोडं पुढं दामटतोय. सहाशे हा आकडाही पक्का नाही. ज्यांच्या ब्राउझरमध्ये जाहिराती अडवणारा ॲडब्लॉकर आहे ते यात येत नाहीत. रेंज नसताना पान अर्धवट उघडून बंद करणारे सुटतात. म्हणजे खरा आकडा याच्या थोडा वर असणार. मात्र तो चाळीस हजार नाही. शिवाय तुमच्या गोदामातली पोरं दिवसभर साइट उघडून भाव बघतात, त्या भेटी आम्ही गाळणीला लावल्यात. ब्रॉडबँडचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा जोडणीचा नंबर, बदलला की ती गाळणी निसटते, म्हणून अधूनमधून तपासावी लागते.

‘आधी किती होत्या ते तरी सांगा,’ असं तुम्ही फोनवर विचारलं होतं. ते सांगता येत नाही आणि याचा मला खरंच खेद वाटतो. तुमच्या साइटवर पूर्वीच्या कुणीतरी युनिव्हर्सल ॲनालिटिक्सचा, म्हणजे याच टूलच्या जुन्या आवृत्तीचा, कोड लावून ठेवला होता. ते टूल १ जुलै २०२३ पासून नवे आकडे घेईनासं झालं आणि पुढच्या वर्षी गूगलनं त्यातला जुना डेटाही काढून टाकला. कोड पानावर तसाच पडून होता, मोजत काहीच नव्हता. त्यामुळं तुलना करायला खरा जुना आकडा कुणाच्याच वहीत नाही. गूगलच्या शोधातून किती लोक आले एवढं मात्र सर्च कन्सोल या गूगलच्याच दुसऱ्या टूलमध्ये सोळा महिन्यांपर्यंतचं मिळतं. ते तुम्हाला जोडून दिलंय. उघडून बघा, त्यात गिऱ्हाईक घटलेलं दिसत नाही.

पहिल्या दोन दिवसांच्या भोपळ्याचं असं, की नेहमीच्या रिपोर्टात आकडे बसायला चोवीस ते अठ्ठेचाळीस तास लागू शकतात. ‘रिअलटाइम’मध्ये मागच्या तीस मिनिटांचं लगेच दिसतं. काम संपल्यावर तुमच्याच मोबाइलवर साइट उघडली तेव्हा तिथं एक माणूस दिसला होता, आठवत असेल. तो तुम्हीच होतात.

निलंग्याचं गिऱ्हाईक पुण्याचं का दिसतं? गाव ठरतं आयपी पत्त्यावरून. मोबाइलच्या इंटरनेटचा पत्ता बहुतेक वेळा कंपनीची यंत्रणा ज्या मोठ्या शहराच्या नावावर आहे तिथला धरला जातो. माणूस औराद शहाजानीच्या स्टँडवर उभा असला तरी रिपोर्टात तो पुण्याचा किंवा मुंबईचा होतो. राज्य, देश एवढं बऱ्यापैकी बरोबर येतं, तालुक्यावर विसंबू नका. आणि यावरून ‘पुण्यात जाहिरात लावा’ असं कुणी सांगितलं तर आधी मला विचारा.

व्हॉट्सॲपचं गाऱ्हाणं मात्र रास्त आहे. ग्रुपवर टाकलेली साधी लिंक दाबून कुणी आलं, तर तो कुठून आला हे टूलला बहुतेक कळत नाही आणि तो ‘डायरेक्ट’च्या खात्यात पडतो. तुमचं डायरेक्ट निम्म्याच्या वर आहे ते त्यामुळंच. उपाय सोपा आहे. लिंकच्या शेपटाला, माणूस कुठून आला ते सांगणारी यूटीएमची खूण लावायची, म्हणजे सोर्स व्हॉट्सॲप, कॅम्पेन उन्हाळा अशी. खूण लावलेली लिंक तुम्हाला पाठवून ठेवली आहे, ग्रुपवर तीच टाका. स्वतः नवी बनवाल तेव्हा इंग्रजी अक्षरं कायम लहानच ठेवा. एकदा कॅपिटल, एकदा स्मॉल लिहिलंत तर टूल ते दोन वेगळे रस्ते धरतं.

आता पैशांचं. टूल फुकट आहे हे खरं आणि त्याचा एक रुपयाही आम्ही लावलेला नाही, बिलात बघा. जे लावलं ते कामाचं आहे. खातं तुमच्या स्वतःच्या जीमेलवर उघडून मालकी तुमच्याकडं ठेवली. मेलेला जुना कोड काढला. थीममध्ये एक आणि प्लगइनमध्ये एक असा नवा कोड दोनदा बसणार होता, म्हणजे प्रत्येक भेट दुप्पट मोजली गेली असती, ते सावरलं. वेळ भारताची आणि चलन रुपया केलं. सविस्तर तपासणीचा तपशील मुळात दोनच महिने राहतो, तो चौदा महिन्यांवर नेला. तुमच्या धंद्याला हे लागतंच, कारण वर्षाचं धान्य भरायचा हंगाम आणि आषाढ यांची बरोबरी होत नाही, गेल्या उन्हाळ्याशी या उन्हाळ्याचीच करावी लागते. फोनचं आणि व्हॉट्सॲपचं बटण कुणी दाबलं की वेगळी नोंद व्हावी, हेही बसवलं. ते आपोआप होत नाही.

फुकटचं म्हणजे टाकाऊ, असंही तुम्ही लिहिलंय. गूगलनं २००५ मध्ये अर्चिन नावाची कंपनी विकत घेतली. तिचं सॉफ्टवेअर तोवर पैसे मोजून घ्यावं लागायचं. त्याच वर्षी नोव्हेंबरात ते ॲनालिटिक्स म्हणून फुकट सोडल्यावर इतकी झुंबड उडाली, की काही दिवसांतच नवी नोंदणी थांबवावी लागली होती. गूगल हे धर्मादाय म्हणून करत नाही, उघड आहे. आकडे बघून लोक त्यांच्याकडं जाहिरात करतात. माहिती त्यांच्या सर्व्हरवर जाते, हेही मी लपवत नाही. मात्र गिऱ्हाईकाचं नाव आणि फोन नंबर ॲनालिटिक्सला पाठवायला त्यांच्या नियमातच मनाई आहे. आपल्या साइटवरून जातं ते ‘बटण दाबलं’ एवढंच. तरी मन मानत नसेल तर माटोमो नावाचं भेटी मोजणारं दुसरं टूल आहे, तेही सॉफ्टवेअर फुकट आणि डेटा आपल्याच होस्टिंगवर. तुमचं आत्ताचं स्वस्त होस्टिंग त्याला पुरायचं नाही, खर्च वाढेल. छोट्या साइटीला मी ते सुचवत नाही.

या सगळ्यापेक्षा एक गोष्ट तुम्ही बघायला हवी होती, आणि रिव्ह्यूत तिचा उल्लेखही नाही. मायक्रोसॉफ्टचं क्लॅरिटी नावाचं दुसरं फुकट टूल आम्ही सोबत लावलंय. लोकांची बोटं पानावर कुठं फिरतात, कुठं दाबतात, हे त्यात चित्रासारखं दिसतं. गिऱ्हाईकानं टाइप केलेला मजकूर त्यात झाकलेला असतो. तुमच्या पानावर एक किलोच्या पाकिटाचा फोटो आहे ना, त्याच्यावर लालभडक डाग उठलाय. लोक तो फोटो दाबतात, काहीच उघडत नाही, पुन्हा दाबतात, मग वैतागून चिमटीनं मोठा करून बघतात आणि निघून जातात. ‘ऑर्डर द्या’चं खरं बटण खाली, वाहतुकीच्या माहितीच्याही खाली आहे. तो फोटो तिथं हवा आणि त्याला लिंक नको, हा तुमचा आग्रह होता, कारण पाकिटावरची छपाई दिसली पाहिजे. छपाई दिसतेय, ऑर्डर अडतेय.

सहाशेतली किती माणसं त्या फोटोवर अडकून परत गेली ते मी इथं लिहीत नाही. आकडा तुमच्या धंद्याचा आहे, शेजारच्या दाळमिलवाल्यानं वाचायचा नाही. त्या फोटोला लिंक जोडायचं आणि बटण वर घ्यायचं काम वर्षाच्या देखभालीत बसतं, वेगळे पैसे नाहीत. तुम्ही हो म्हटलं की त्याच दिवशी होईल.

आणि आमच्यावर विश्वासच उरला नसेल, तर तीही सोय आहे. खात्याचे ॲडमिन तुम्ही आहात. ‘ॲडमिन’मध्ये जाऊन प्रवेशाच्या यादीतून आमचा ईमेल काढून टाका, आकडे सगळे तुमच्याकडंच राहतील आणि दुसऱ्या कुणालाही पुढचं काम देता येईल. ते जमत नसेल तर दुकानात या, तुमच्यासमोर काढून देतो. फक्त येताना भाच्याला सोबत आणा, ओटीपी त्याच्या मोबाइलवर येतो.