चोवीस व्होल्टच्या मशीनलाही अर्थिंग लागते

घरी सीएनसी राउटर (संगणकाच्या हुकुमावर कापकाम करणारे मशीन) बांधणाऱ्यांसाठी 'स्टेपर मोटरचे पाच सोपे नियम' (स्टेपर म्हणजे ठरावीक पावलांनी फिरणारी मोटर) असा एक संदेश सध्या बडोद्यातील मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरतो आहे. दांडिया बाजारात राहणाऱ्या माझ्या भाच्याने तो मला पाठवला आणि आपण त्याप्रमाणेच वायरिंग केल्याचे वर आनंदाने कळवले. मी मकरपुऱ्यात पॅनेल वायरिंगचे काम करतो, त्यामुळे हे वाचून गप्प बसणे मला शक्य नव्हते. ते नियम असे: २४ व्होल्टला अर्थिंग लागत नाही, मोटर उलटी फिरल्यास मशीन चालू असतानाच मोटरचा प्लग काढून उलटा लावावा, प्रत्येक ड्रायव्हर (मोटरला करंट पुरवणारा छोटा बोर्ड) ०.८ व्होल्टवर लावावा, २.८ व्होल्टच्या मोटरला १२ पेक्षा जास्त व्होल्ट दिल्यास ती जळते. आणि मायक्रोस्टेप १६ ठेवल्यास, म्हणजे मोटरचे एक पाऊल सोळा भागांत तोडल्यास, अचूकता सोळापट होते.

पहिला नियम जीव घेऊ शकतो. कोरड्या हाताला २४ व्होल्ट डीसीचा झटका बसत नाही, एवढे मी मान्य करतो. पण ते २४ व्होल्ट ज्या एसएमपीएसमधून (वीजपुरवठ्याच्या पेटीतून) येतात, त्याच्या दुसऱ्या बाजूला २३० व्होल्ट एसी असतात आणि त्याची पत्र्याची पेटी आपण स्क्रूने थेट मशीनच्या अ‍ॅल्युमिनियमच्या सांगाड्यावर बसवलेली असते. एसएमपीएसमधील फिल्टरचे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलपासून पेटीकडे जोडलेले असतात. त्यांतून येणारा किंचित करंट अर्थच्या वायरने जमिनीत जावा, अशी ती रचना आहे. ती वायर नसेल तर सांगाड्याला टेस्टर लावताच दिवा पेटतो आणि उघड्या हाताला झिणझिण्या येतात. भाच्याच्या मशीनवर नेमके हेच होत होते आणि त्याला ते 'स्टॅटिक' वाटत होते. एवढ्या करंटने सहसा इजा होत नाही. परंतु उद्या आतले इन्सुलेशन फुटले किंवा फेजची वायर पत्र्याला घासून उघडी पडली, तर अर्थ नसलेल्या मशीनवर एमसीबी (जास्त करंट वाहिल्यास वीज तोडणारा स्विच) पडत नाही, सगळ्या सांगाड्यात वीज उतरते आणि आरसीसीबी (करंटची गळती ओळखून वीज तोडणारा स्विच) असलाच तर तो माणसाच्या शरीरातून करंट गेल्यावरच पडतो. जुन्या घरांत तीन पिनांच्या सॉकेटमागे अर्थची वायरच नसते, हेही मी अनेकदा पाहिले आहे. म्हणून आधी सॉकेटची अर्थ तपासून घ्यावी, मग एसएमपीएसच्या अर्थ टर्मिनलपासून सांगाड्यापर्यंत हिरवी वायर ओढावी आणि सांगाड्यावरचा रंग खरवडून तिची लग (टोकाची धातूची कडी) घट्ट आवळावी.

प्लग उलटा लावल्याने मोटरची दिशा बदलते, हे खरे आहे. चूक आहे ती चालू मशीनवर तसे करण्यात. ए४९८८ या चिपवरच्या ड्रायव्हरचे बोर्ड बनवणाऱ्या पोलोलू कंपनीने स्पष्ट इशारा दिला आहे की, ड्रायव्हरला वीज चालू असताना मोटर जोडल्यास किंवा काढल्यास ड्रायव्हर नष्ट होऊ शकतो. कॉइलमधून वाहणारा करंट अचानक तुटला की तिथे मोठे व्होल्टेज उसळते आणि ते चिप सोसू शकत नाही. वीज बंद करावी, एसएमपीएसचा दिवा पूर्ण विझू द्यावा आणि मगच प्लगला हात लावावा. जीआरबीएलमध्ये (मशीन चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) तर $३ ही सेटिंग बदलली की प्लगला हातही लावावा लागत नाही.

०.८ व्होल्टचा नियम अर्धवट आहे. ए४९८८ मध्ये करंट म्हणजे व्हीरेफ (बोर्डावरच्या स्क्रूने लावायचे व्होल्टेज, इथे ०.८) भागिले आठपट सेन्स रेझिस्टर (करंट मोजणारा रेझिस्टर). चिपजवळच्या रेझिस्टरवर आर१०० (०.१ ओहम) छापले असेल, तर ०.८ व्होल्टला १ अँपिअर मिळतो. आर०५० (०.०५ ओहम) असेल तर तेवढ्यालाच २ अँपिअर होतात, ड्रायव्हर तापून मध्येच थांबतो आणि स्टेप्स हुकतात. बोर्डावरचा आकडा वाचल्याशिवाय स्क्रू फिरवू नये.

मोटरवरील २.८ व्होल्ट म्हणजे केवळ १.६८ अँपिअर गुणिले १.६५ ओहम. करंट ड्रायव्हरच रोखून धरत असल्याने जास्त व्होल्टेज चालते. कॉइलमध्ये करंट लवकर चढतो आणि वेगात ताकद टिकते. पोलोलूचेही म्हणणे हेच आहे. ए४९८८ ची मर्यादा ३५ व्होल्ट आहे, त्यामुळे २४ ने घाबरण्याचे कारण नाही.

मायक्रोस्टेपने मोटर शांत आणि गुळगुळीत चालते, म्हणून ती जरूर ठेवावी. मात्र सोळाव्या हिश्शाच्या एका पावलाला मोटरच्या धरून ठेवण्याच्या ताकदीचा जेमतेम दहावा हिस्सा मिळतो, आणि मशीन सरकवणाऱ्या लांब स्क्रूच्या घर्षणापुढे तेवढ्याने शाफ्ट हलतोच असे नाही. त्या स्क्रूवरच्या पितळी नटमधली ढिलाई आधी काढावी. अचूकता तिथे अडलेली असते.