कंपवात, डोपामीन आणि जी प्रथिने : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

आपले दोन आक्षेप आहेत. कंपवात (पार्किन्सन्स) हा डोपामीन या मेंदूतील संदेशवाहक रसायनाच्या कमतरतेचा आजार असताना पेशीत संदेश पोचवणाऱ्या जी प्रथिनांच्या अल्फा, बीटा, गॅमा या उपघटकांचा पसारा कशाला, हा पहिला. ‘जीएनएएल’ या जी प्रथिनाच्या जनुकातील दोषाने चेतापेशी मरत नसल्याने पेशीऱ्हासावरील माझ्या लेखात त्याचा उल्लेख अस्थानी आहे, हा दुसरा.

डोपामीन पेशीच्या आत शिरत नाही. ते बाहेरच्या ग्राहीला (संदेश टिपणाऱ्या प्रथिनाला) चिकटते आणि पुढचे काम आतल्या बाजूचे जी प्रथिन करते. अल्फावरचा जीडीपी हा रेणू सुटून तिथे जीटीपी हा दुसरा रेणू आला की अल्फा बीटा-गॅमा जोडीपासून विलग होतो आणि दोन्ही भाग आपापल्या वाटेने संदेश नेतात. ही जोडी नुसती सांभाळ करणारी नव्हे. ती पोटॅशियमच्या काही वाहिन्या उघडते आणि चेतासंधीतील कॅल्शियम वाहिन्यांना आवर घालते. स्ट्रायटम या हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या मेंदूच्या भागातील डोपामीनचे डी१ ग्राही मुख्यतः ‘ओल्फ’ या अल्फावर विसंबून असतात (हा १९८९ मध्ये सापडला तो घ्राणपेशींत!). उंदरांतून गॅमा-७ काढून टाकला, तर स्ट्रायटममधला ओल्फही बराच घटतो. कोणाची जोडी कोणाशी जमते, हा तपशील म्हणूनच किरकोळ नाही.

डोपामीन पुरवणाऱ्या पेशी गेल्यावर ते घेणाऱ्या पेशीही बदलतात. प्राण्यांवरील प्रयोगांत आणि मृत रुग्णांच्या मेंदूतही ओल्फ वाढलेला आढळला आहे. अशा पेशींपुढे लेव्होडोपा (मेंदूत डोपामीन बनणारे औषध) आले की डी१चा प्रतिसाद गरजेपेक्षा जोरकस होऊ शकतो. काही वर्षांच्या उपचारांनंतर, गोळीचा अंमल ऐन भरात असताना, कंप थांबलेल्या रुग्णाची मान आणि खांदे आपसूक डुलू लागतात, त्यामागचे हे एक संभाव्य कारण आहे. ‘डोपामीन कमी’ एवढ्यावर भागवले, तर या वळवळीचा उलगडा होत नाही.

दुसऱ्या आक्षेपातील निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष मला पटत नाही. २०१३ मध्ये ओल्फ घडवणाऱ्या जीएनएएलमधील उत्परिवर्तनांचा डिस्टोनियाशी (स्नायू आपोआप आखडून शरीर पिळवटणाऱ्या आजाराशी) संबंध दाखवला गेला. अशा रुग्णाची मान बहुधा प्रौढ वयात एका बाजूला वळू लागते, एमआरआय मात्र सहसा निर्दोष असतो. पेशी शाबूत असूनही हालचाल बिघडते, हे या आजारात निर्भेळ स्वरूपात दिसते, आणि कंपवातातील कोणते लक्षण पेशी मेल्याचे व कोणते उरलेल्यांच्या बदललेल्या वागण्याचे, हा प्रश्न त्यामुळेच नेमका विचारता येतो. जी प्रथिनांच्या बिघाडाने कंपवातात पेशी मरतात, असा माझा दावा नाही. त्या मृत्यूच्या शोधात सर्वाधिक लक्ष अल्फा-सायन्युक्लीन या वेगळ्याच प्रथिनाच्या गाठींवर आहे.